आजोळचं आडनाव

बँकेतल्या नोकरीने मला एक खोड लावली. कुणाचंही चरित्र हाती आलं, की आधी नाव आणि सही जुळते का ते पाहायचं! जॉन फिस्क या अमेरिकी इतिहासकाराच्या बाबतीत ती पहिल्याच पानावर जुळेना.

३० मार्च १८४२ रोजी कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड गावी तो जन्मला तो एडमंड फिस्क ग्रीन म्हणून. वडील वर्तमानपत्रांचे संपादक. हा धंदा त्यांना पार पनामापर्यंत घेऊन गेला आणि १८५२ मध्ये ते तिथेच वारले. मुलगा मिडलटाउनला आजीपाशी वाढला. १८५५ मध्ये आईने न्यूयॉर्कचे नामांकित वकील एडविन स्टॉटन यांच्याशी लग्न केलं. पोराने बापाचं आडनाव सोडलं; सावत्र बापाचंही घेतलं नाही. आईच्या आजोबांचं अख्खं नाव उचललं: जॉन फिस्क.

पोरगा हट्टी खरा. हार्वर्डमध्ये शिकताना १८६१ साली तो चर्चमध्ये कोंतचं पुस्तक वाचताना सापडला आणि कॉलेजातून काढून टाकण्याची तंबी घेऊन सुटला. पुढे वकिली थाटली, पण पक्षकार फिरकेनात. डार्विन-स्पेन्सरच्या विचारांवर १८७४ मध्ये त्याने दोन जाडजूड खंड लिहिले. नाव झालं, पण घरात बायको आणि सहा मुलं! नावावर किराणा येत नाही. १८७२ पासून तो हार्वर्डच्या ग्रंथालयात दुय्यम ग्रंथपाल होता.

१८७९ मध्ये बोस्टनच्या ओल्ड साउथ सभागृहात त्याने अमेरिकेच्या इतिहासावर व्याख्यानं दिली. तिथून हा स्थूल देहाचा माणूस जन्मभर गावोगाव बोलत हिंडला. त्याच व्याख्यानांतून पुस्तकं निघाली. कागदपत्रं उकरणाऱ्या पंडितांनी त्याला दुय्यम ठरवलं. मला तसं वाटत नाही. शेतकऱ्या-दुकानदारांना आपली राज्यघटना कशी घडली हे गोष्टीसारखं समजावणं, हे काय कमी काम आहे?

खटकतं ते निराळंच. अँग्लो-सॅक्सन वंश जगभर पसरणार, हे तो लंडनपासून सगळीकडे रंगवून सांगे. १८९४ मध्ये बोस्टनला स्थलांतरितांना अटकाव करू पाहणारी संघटना निघाली, तिच्या अध्यक्षपदावर नाव लागलं याचंच. बापाचं नाव पुसून नवं घेतलेल्या माणसाने, नवं आयुष्य मागत बोटीतून उतरणाऱ्यांचा वंश विचारावा! उत्क्रांतीवर एवढं लिहूनही ही विसंगती त्याला दिसली नसावी.

४ जुलै १९०१ रोजी, ऐन स्वातंत्र्यदिनी, मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर बंदरात तो गेला. तेव्हाही बोस्टनला बोटी लागतच होत्या.