कडू कवठ आणि डॉ. भाऊ दाजी

अंगावर पांढरट चट्टा दिसला की आजही अनेक घरांत कुजबूज सुरू होते. कोड असेल की कुष्ठ? मुलीचे लग्न कसे जमणार? मग डॉक्टरांआधी कोणाचे तरी 'खात्रीचे औषध' गाठले जाते. दीडशे वर्षांपूर्वी अशा औषधांचा कस लावायला निघालेल्या एका मराठी डॉक्टरची गोष्ट म्हणूनच माहीत असायला हवी.

रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच डॉ. भाऊ दाजी, यांचा जन्म गोव्यातल्या पेडणे भागातला. घरची गरिबी. वडील मातीच्या बाहुल्या विकत. मुंबईत आल्यावर भाऊंनी शिक्षणात चमक दाखवली. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवरील त्यांच्या निबंधाला बक्षीस मिळाले. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि १८५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ होते.

डॉक्टर म्हणून त्यांचे नाव लवकर झाले. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह ते गरिबांना मोफत औषध देत. शिलालेख वाचणे, संस्कृत पोथ्या जमवणे हा त्यांचा दुसरा ध्यास होता. अजिंठ्याच्या लेखांवर त्यांनी काम केले. १८६५ च्या शेअरबाजाराच्या कोसळीत पैसा गेला, तरी काम थांबले नाही.

पोथ्या आणि दवाखाना एकत्र आले ते कुष्ठरोगापाशी. त्या काळी या रोगावर पाश्चात्त्य वैद्यकाकडे खात्रीचा इलाज नव्हता. सुश्रुतसंहितेत मात्र पश्चिम समुद्रकाठी वाढणाऱ्या तुवरक वृक्षाच्या तेलाचे वर्णन आहे. हाच आपल्या सह्याद्रीतला कडू कवठ. भाऊंनी कुष्ठरुग्णांवर एका देशी औषधाचे प्रयोग सुरू केले. काहींना उतार पडल्याची बातमी पसरली आणि रुग्णांची रीघ लागली.

पण औषध कोणते, हे भाऊंनी जाहीर केले नाही. पुरती खात्री पटल्यावर सांगू, अशी त्यांची भूमिका होती. इतर डॉक्टरांनी यावर टीका केली, आणि ती रास्त होती. औषधच ठाऊक नसेल तर दुसरा डॉक्टर ते पडताळणार कसे? मे १८७४ मध्ये भाऊ गेले, आणि त्यांच्या हातून पूर्ण अहवाल झाला नाही. ते औषध कडू कवठाच्या बियांचे तेल होते, हे पुढे कळले. याच कुळातील चौलमुग्रा तेल विसाव्या शतकात, सल्फोन औषधे येईपर्यंत, जगभर कुष्ठरोगावर वापरले गेले. त्याने रोग मुळापासून बरा होत नसे. पण वाट चुकीची नव्हती.

भाऊ गेले त्याच्या आदल्याच वर्षी, १८७३ मध्ये, नॉर्वेत हॅन्सन यांना कुष्ठरोगाचे जंतू दिसले होते. आज बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो, आणि ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

कोड मात्र वेगळे. त्यात जंतू नसतात. शरीराचीच प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते. ते स्पर्शाने पसरत नाही. आयुर्वेदात त्याला श्वित्र किंवा किलास म्हणतात. चरकाने त्याचा विचार कुष्ठाच्याच अध्यायात केला, तर सुश्रुताने किलास त्वचेपुरतेच राहते, असा फरक नोंदवला. त्यावरची बावची खरोखर गुणाची आहे. तिच्यातील सोरॅलेन द्रव्य उन्हाच्या साथीने रंग परतायला मदत करते. पण मात्रा चुकली तर त्वचा भाजून फोड येतात, आणि पोटातून घेतल्यास यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून घरच्या घरी बावची लावू नये.

घरात एवढे करता येते: चट्ट्यावर कापसाचा बोळा हलकेच फिरवा. स्पर्श कळत नसेल किंवा कमी कळत असेल, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. स्पर्श नीट कळत असला तरी निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या, कारण प्रत्येक पांढरा डाग कोड नसतो. लहान मुलांच्या गालावरचे फिकट चट्टे बहुधा आपोआप जातात, आणि पाठीवरचे शिबे साध्या बुरशीचे असतात.

आपल्या, तेव्हाच्या अहमदनगरात गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये आयुर्वेद महाविद्यालय उभे केले आणि 'औषधी गुणधर्मशास्त्र' लिहून औषधांचे गुण छापून सर्वांपुढे ठेवले. भाऊ दाजींकडून राहून गेले ते हेच. औषध कोणत्याही पॅथीचे असो, त्यात काय आहे हे देणाऱ्याला विचारा. जो सांगत नाही, त्याचे औषध घेऊ नका.