कुंडीतील वाटाणा

नाशिक जिल्ह्यात ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबकेश्वर हे प्राचीन क्षेत्र आहे. या गावी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ज्यांचा गौरव केला जातो, ते दादासाहेब फाळके हेच होत. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. घरात पूजाअर्चा, पोथ्या आणि पुराणे यांचे वातावरण होते. धुंडिराजांचा ओढा मात्र चित्रकलेकडे आणि हातांनी नवे काही करून पाहण्याकडे होता.

१८८५ साली त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. तेथे चित्रकला तर ते शिकलेच. पण छायाचित्रणाचा त्यांना विशेष छंद जडला. त्यांनी कॅमेरा विकत घेतला आणि अंधारखोलीत तासन्‌तास प्रयोग आरंभले. काचेवर प्रकाश पडताच रसायनात कोणता बदल होतो, चित्र केव्हा उमटते आणि केव्हा बिघडते, हे त्यांनी स्वतः करून पाहिले. कलाभवनाचे प्रमुख गज्जर यांनी त्यांची चिकाटी ओळखून प्रयोगशाळा त्यांना वापरावयास दिली. ठसे तयार करणे, रंगीत छपाई करणे, लाकडाचे व मातीचे नमुने घडवणे या विद्याही दादासाहेबांनी आत्मसात केल्या. ते जादूचे खेळदेखील शिकले. स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते हे खेळ करीत असत.

पुढे त्यांनी छपाईच्या धंद्यात नाव मिळवले. १९०९ साली ते यंत्रसामग्रीसाठी जर्मनीला जाऊन आले. परंतु भागीदारांशी न पटल्यामुळे त्यांनी तो चालता धंदा सोडला. १९११ साली मुंबईच्या गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताच्या लीला दिसत असता त्यांच्या मनापुढे राम आणि कृष्ण यांची चरित्रे उभी राहिली. आपल्या देशातील कथाही अशाच पडद्यावर आणावयाच्या, असा निश्चय त्यांनी केला.

निश्चय करणे सोपे होते. पण ही विद्या शिकवणारी शाळा आपल्या देशात नव्हती. तेव्हा दादासाहेब स्वतःच आपले गुरू झाले. त्यांनी एक लहानसा कॅमेरा आणि फिल्मची रिळे मिळवली. मेणबत्ती पेटवून तिच्यापुढे बहिर्गोल भिंग धरावे, मध्ये फिल्म ठेवावी आणि भिंतीवर पडणारे मोठे चित्र न्याहाळावे, हा त्यांचा रोजचा उद्योग झाला. रात्रंदिवस चित्रपट पाहणे, पुस्तके वाचणे आणि प्रयोग करणे यांपुढे त्यांना झोपेचेही भान राहिले नाही. अखेर या श्रमांचा ताण डोळ्यांवर आला व त्यांना दिसेनासे झाले. ज्यांचे सारे जीवन चित्रांत गुंतले होते, त्यांच्यावर हा केवढा आघात! सुदैवाने डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्याच्या साहाय्याने दृष्टी परत आली. दादासाहेबांनी पुन्हा प्रयोग सुरू केले.

१९१२ च्या फेब्रुवारीत ते विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून इंग्लंडला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या चित्रशाळेत त्यांनी चित्रपटाचे तंत्र डोळ्यांखाली घातले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि इतर साहित्य खरेदी करून ते मायदेशी परतले.

आता यंत्र होते, ज्ञानही होते. पण पैसा नव्हता. हिंदी मनुष्य चित्रपट काढील, यावर धनिकांचा विश्वास बसेना. नुसत्या शब्दांनी त्यांची खात्री पटणार नाही, हे दादासाहेबांनी ओळखले. त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि तिच्यासमोर कॅमेरा रोवला. कॅमेरा जागचा हलवावयाचा नाही आणि ठरावीक वेळाने थोडी थोडी चित्रे घ्यावयाची, असा क्रम त्यांनी ठेवला. माती दुभंगली, अंकुर वर आला, पाने उलगडली आणि हळूहळू वेल वाढू लागला. ही सारी वाढ दादासाहेबांनी डोळ्यांत तेल घालून टिपली.

या प्रयोगामागील तत्त्व सोपे आहे. स्थिर चित्रे वेगाने एकामागून एक दाखवली, की ती आपल्याला निरनिराळी न दिसता सलग हालचालच दिसते. त्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारणपणे सोळा चित्रे सरकत. म्हणजे एका मिनिटाला सुमारे ९६० चित्रे होत. अनेक दिवसांत सावकाश घेतलेली चित्रे मिनिटभरात दाखवताच, जी वाढ उघड्या डोळ्यांना कधी दिसत नाही ती सर्वांना दिसली. वेल जणू पाहता पाहता वर चढला! हा लहानसा चित्रपट ‘अंकुराची वाढ’ म्हणून ओळखला जातो. तो पाहून दादासाहेबांना भांडवल पुरवण्यास माणसे पुढे आली.

त्यानंतर ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे काम सुरू झाले. पत्नी सरस्वतीबाई यांनी घरातील माणसांचा स्वयंपाक सांभाळून फिल्मच्या कडांना भोके पाडणे, ती रसायनात धुणे, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर प्रकाश पाडणे अशी कितीतरी कामे केली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात हा चित्रपट लोकांपुढे आला आणि प्रेक्षकांची एकच गर्दी लोटली.

त्याच वर्षी दादासाहेबांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. गोदाकाठच्या या नगरीत त्यांच्या कल्पकतेला बहर आला. कॅमेरा क्षणभर थांबवून समोरची वस्तू उचलली, तर पडद्यावर ती एकाएकी नाहीशी झालेली दिसते. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण केले, तर दोन दृश्ये एकत्र दिसतात. अशा युक्तींचा त्यांनी कुशलतेने उपयोग केला. जादूगार केळफांची विद्या आता कामी आली. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये मारुती आकाशातून उडताना दिसला, तर १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. चित्रपट कसा तयार होतो, हे दाखवणारा चित्रपटही त्यांनी काढला. कष्टाने मिळवलेली विद्या त्यांनी झाकून ठेवली नाही.

पुढे बोलपटांचे युग आले आणि मूकपट मागे पडले. १९३७ साली पडद्यावर आलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. उत्तरायुष्यात त्यांना फारसे वैभव लाभले नाही. परंतु त्यांनी पेरलेले बीज मात्र वाया गेले नाही. भारत सरकारने १९६९ साली त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील मोठा पुरस्कार सुरू केला. नाशिकजवळ पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभे आहे.

कुंडी, मूठभर माती आणि चार वाटाणे कोणालाही मिळू शकतात. दादासाहेबांनी त्यांत धीर आणि निरीक्षण यांची भर घातली, म्हणूनच त्या कुंडीत एका नव्या कलेचा अंकुर फुटला.

स्वाध्याय

१. दादासाहेबांनी स्वतःच आपले गुरू होऊन कोणते प्रयोग केले?
२. धनिकांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी वाटाण्याचीच वाढ का दाखवली असावी?
३. सरस्वतीबाईंनी कोणकोणती कामे केली?
४. कुंडीत वाटाणा पेरा. रोज ठरावीक वेळी त्याचे चित्र वहीच्या पानांच्या कोपऱ्यात एकाच जागी काढा. महिन्याने ती पाने अंगठ्याने भराभर सोडून पाहा व काय दिसते ते लिहा.