माप जुळवणारा माणूस : लक्ष्मणराव किर्लोस्कर

मित्रांनो, पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये कारपेंट्रीचा जॉब कुणालाच चुकत नाही. त्यातला डव्हटेल जॉइंट म्हणजे तर भल्याभल्यांची परीक्षा! कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखा आकार एका फळीला कापायचा, त्याला बसेल अशी खाच दुसऱ्या फळीत पटाशीने पाडायची आणि दोन्ही एकमेकांत असे अडकवायचे की खिळा, सरस काही नसतानाही ओढून निघता कामा नये. ड्रॉइंगवर लिहिलेला उतार आपण मुकाट्याने मार्क करतो, करवत चालवतो, जॉब सबमिट करतो आणि विसरतो. पण हा उतार तेवढाच का? जास्त का नाही? कमी का नाही?

उत्तर सोपं आहे, पण ते लाकडात दडलेलं आहे. मऊ लाकडाला साधारण सहास एक आणि कठीण लाकडाला आठास एक असा उतार देतात. म्हणजे १८ मिलिमीटर जाडीच्या फळीत शेपटीची एक बाजू मऊ लाकडात ३ मिलिमीटर कलते आणि कठीण लाकडात सव्वादोन. उतार याहून फार कमी ठेवला तर शेपटी सरळ दातासारखी होते आणि ओढल्यावर सुटून येते. मऊ लाकूड दाबलं जातं, म्हणून त्याला जरा जास्त उतार लागतो. पण पकड वाढावी म्हणून उतार वाटेल तेवढा वाढवला तर शेपटीच्या कोपऱ्यात लाकडाचे रेषे आखूड पडतात आणि नेमका तोच कोपरा टवका उडून तुटतो. थोडक्यात, एकीकडे सुटण्याची भीती आणि दुसरीकडे तुटण्याची. योग्य माप या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतं आणि ते कुठे असावं हे आपण नाही, माल ठरवतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे एक मोठा माणूस. असं माप शोधण्यातच त्यांचा सगळा जन्म गेला. ते म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथे झाला. शाळेच्या पुस्तकांत मन रमेना, पण चित्रं काढण्याचा आणि यंत्रं न्याहाळण्याचा नाद मोठा. त्या नादापायी त्यांनी मुंबई गाठली आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. तिथे कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या पोराला याहून मोठा धक्का कोणता? दुसरा कुणी असता तर गाशा गुंडाळून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. रंग लागत नाहीत असं एक चित्र असतं, ते म्हणजे यंत्राचं. ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ड्रॉइंगचे शिक्षक झाले. शिकवता शिकवता तिथल्या यंत्रांवर स्वतःचा हातही बसवून घेतला. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलून दुसऱ्याला नेमलं, तेव्हा त्यांनी सरळ नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात मोठे भाऊ रामूअण्णा होते. दोघा भावांचं सायकलींचं दुकान होतं. सायकल विकायची, दुरुस्त करायची, गिऱ्हाइकाला चालवायला शिकवायचीही! पण लक्ष्मणरावांचं लक्ष होतं शेतकऱ्याकडे. देशातले बहुसंख्य लोक शेती करतात आणि त्यांच्या अवजारांत कित्येक पिढ्यांत काही बदल नाही, हे त्यांना खटकत होतं. आधी कडबा कापायचं यंत्र झालं आणि मग १९०३ साली लोखंडी नांगर.

आता नांगर म्हणजे काय हे समजायला आपल्या जवळचंच उदाहरण घेऊ. आपल्या कॉलेजात भोर आणि वेल्ह्याकडची बरीच मुलं आहेत. त्यांच्या घरच्या माळ्यावर जुना लाकडी नांगर कदाचित अजून सापडेल. त्यात पुढे हाळीस, वर धरायला रुमणं आणि खाली टोकाला लोखंडी फाळ. हाळीस नांगरात घुसतं तिथे लाकडी पाचर ठोकलेली असते. ही पाचर नुसती घट्ट बसवण्यासाठी नाही बरं का! तिच्यामुळे हाळिसाचा कोन बदलतो, कोन बदलला की फाळ किती खोल जाणार ते बदलतं. गावचा सुतार शेतकऱ्याच्या बैलांची उंची आणि शेताची जमीन बघून हे सगळं जमवायचा. कागद नाही, पेन्सिल नाही. सगळं माप डोळ्यांत आणि वितीत.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावर भातखाचरं आहेत, अरुंद आणि पायऱ्यापायऱ्यांची. तिथे हलका लाकडी नांगरच बरा. बैल वळवायला सोपा, बांधावरून उचलून पलीकडे न्यायला सोपा. शिवाय खाचरात चिखलाखालचा कडक थर पाणी धरून ठेवतो. फाळ फार खोल गेला तर तो थर फुटतो आणि पाणी खाली पळतं. याउलट देशावरची काळी जमीन. तिथे हरळी आणि कुंदा यांची मुळं इतकी खोल जातात की लाकडी नांगर त्यांना नुसता वरवर ओरखडतो. तिथे माती खोलवर कापून उलटी करणारा नांगर हवा. लाकडी नांगर माती फाडतो, पण उलथत नाही. लोखंडी नांगराच्या वळणदार पत्र्यामुळे मातीचा पट्टा उचलला जातो आणि पालथा पडतो, तण मुळासकट उन्हात येतं. लक्ष्मणरावांचा नांगर या काळ्या जमिनीसाठी होता.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष भिनतं असा शेतकऱ्यांचा समज होता. आज आपल्याला हसू येईल, पण त्यांच्या बाजूने बघा. एक हंगाम वाया गेला तर वर्षभर घरात काय शिजवणार? पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! या काळात भांडवल अडकलेलं, लोकांची टिंगल चालू आणि कारखाना म्हणजे एक लहानशी शेड. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवलं नाही. ते नांगर घेऊन शेतापर्यंत गेले आणि चालवून दाखवत राहिले. शेवटी काम बघूनच लोकांचा विश्वास बसला.

नांगराचा कारखाना म्हटलं की आपल्याला भट्टी आणि घण दिसतात. पण ओतकामाची सुरुवात होते सुताराच्या बाकावर. जो भाग ओतायचा त्याचा हुबेहूब लाकडी पॅटर्न आधी करावा लागतो. तो मातीत दाबायचा, काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. हुबेहूब म्हटलं खरं, पण पॅटर्न कधीच हुबेहूब नसतो! ओतीव लोखंड थंड होताना साधारण शंभरास एक या प्रमाणात आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. मातीतून तो सुखरूप निघावा म्हणून उभ्या बाजूंना एकदोन अंशांचा उतार द्यावा लागतो. एखादा भाग बाजूने बाहेर आलेला असेल तर तो मातीत अडकतो. मग तो तुकडा सुटा करून डव्हटेलने पॅटर्नला जोडतात. मुख्य पॅटर्न वर उचलला की सुटा तुकडा मातीतच राहतो, नंतर तो बाजूने अलगद काढायचा. इथे डव्हटेल घट्ट बसून चालत नाही, सरकायला हवा. सांधा तोच, काम उलटं आणि म्हणून मापही वेगळं! खेड्यातल्या सुताराचं नांगराचं काम लोखंडाने कमी केलं हे खरं, पण त्याच लोखंडाला कुशल सुताराची गरज लागली हेही तितकंच खरं.

धंदा कुठे जरा रुळतो तोच बेळगाव नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली. तेव्हा मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. भोर ही जशी पंतसचिवांची, तशी औंध ही पंतप्रतिनिधींची जहागीर, दोन्ही सातारकर छत्रपतींच्या कारभारातून आलेल्या. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. रंग हातातून निसटलेल्या या कारागिराला त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि कर्जही दिलं. जमीन कसली, निवडुंगाचं रान आणि साप! १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली. रामूअण्णा, शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे असे साथीदार मिळाले. कामगारांची घरं उभी राहिली, शाळा झाली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती, आणि ती त्या काळात! भारतातल्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींत आज ही वाडी गणली जाते.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारा माल बंद पडला. परदेशी नांगर येईनात म्हणून मागणी वाढली, पण लोखंड आणि कोळसा आणायचा कुठून? दगडी कोळसा मिळेना तर लाकडी कोळशावर भागवलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि तोफांचे नांगर झाले! पुढे उसाचे चरक आले, पंप आले. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून इंजिनिअर होऊन परतला आणि कारखाना वाढतच गेला. १९४१ साली हरिहरला मशीन टूल्सचा कारखाना निघाला, १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनचा. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने टपाल तिकीट काढलं.

हरिहरच्या लेथवर महाराष्ट्रातली कितीतरी पोरं टर्निंग शिकली. त्या लेथच्या क्रॉस स्लाइडखाली वाकून बघितलं तर तिथेही डव्हटेल दिसतो! लाकडात शेपटीचा पायाशी कोन ८० ते ८३ अंशांचा असतो, लोखंडात मात्र ५५ किंवा ६०. एवढा तिरपा कोन लाकडात कापला तर कोपरा लगेच उडेल. लोखंडाला रेषे नाहीत, त्याला हा कोन पेलतो. शिवाय इथे सांधा कायमचा अडकवायचा नाही, झीज भरून काढत वर्षानुवर्षं सरकवायचा आहे.

लक्ष्मणरावांकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. होती ती ड्रॉइंगची शिस्त आणि वापरणाऱ्याकडे बघायची सवय. माल काय आहे, जमीन कशी आहे, माणूस कोण आहे, हे आधी बघायचं आणि मग कागदावर रेघ ओढायची. आपण बरोबर उलटं करतो. तक्त्यातला आकडा आधी उचलतो, तो का आहे हे विचारतच नाही.

भोर-वेल्ह्याच्या खाचरांतही आता पॉवर टिलर पोहोचलेत आणि लाकडी नांगर घडवणारे म्हातारे सुतारकाका एकेक करून कमी होत चाललेत. त्यांच्याबरोबर हाळिसाचा कोन आणि पाचरेचं मापही जाणार, कारण ते कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून तिकडच्या मित्रांना एक विनंती. सुट्टीत घरी जाल तेव्हा एक टेप आणि एक कोनमापक बरोबर न्या. माळ्यावरचा नांगर खाली काढा, मापं घ्या, ड्रॉइंग काढा आणि गावच्या सुतारकाकांजवळ बसून प्रत्येक माप तेवढंच का, हे विचारून शेजारी लिहून आणा.