लंडनमधील पहिल्या भारतीय उपाहारगृहाचे जनक : शेख दीन मोहम्मद

नवी दिल्ली : परदेशातील एखाद्या उंची भारतीय रेस्टॉरंटमध्ये पाऊल ठेवताच भिंतींवरील भारतीय चित्रे, खास घडवलेले आसन आणि मसाल्यांचा दरवळ पाहुण्यांचे लक्ष वेधून घेतात. पदार्थांबरोबरच भारतातील वातावरणाचाही अनुभव द्यायचा, ही कल्पना आता सर्वत्र रुळली आहे. मात्र दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमध्ये ती प्रथम साकारणाऱ्या पाटण्याच्या एका माणसाला तिच्यापायी दिवाळखोरी पत्करावी लागली. त्यांचे नाव शेख दीन मोहम्मद.

दीन मोहम्मद यांचा जन्म १७५९ मध्ये पाटणा येथे झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात होते. दीन मोहम्मद लहान असतानाच त्यांचे निधन झाले. पुढे कॅप्टन गॉडफ्रे इव्हान बेकर या आयरिश अधिकाऱ्याच्या आश्रयाने ते छावणीत दाखल झाले आणि सुभेदारपदापर्यंत पोहोचले. १७८२ मध्ये सैन्य सोडून ते बेकर यांच्यासोबत १७८४ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे गेले. तेथे जेन डॅली या आयरिश तरुणीशी त्यांचा स्नेह जुळला. १७८६ मध्ये दोघांनी पळून जाऊन विवाह केला. दीन मोहम्मद यांनी ख्रिस्ती धर्मही स्वीकारला. १७९४ मध्ये त्यांचे प्रवासवर्णन दोन खंडांत प्रसिद्ध झाले. भारतीय लेखकाने इंग्रजीत लिहिलेले ते पहिले पुस्तक मानले जाते.

सुमारे १८०७ मध्ये हे कुटुंब लंडनला आले. पोर्टमन स्क्वेअर येथे भारतातून परतलेले धनाढ्य बेसिल कॉक्रेन यांनी बाष्पस्नानाची सोय केली होती. तेथे दीन मोहम्मद यांना काम मिळाले. कंपनीच्या सेवेत संपत्ती मिळवून परतलेल्या अधिकाऱ्यांची या परिसरात मोठी वस्ती होती. लंडनकर अशा लोकांना ‘नबाब’ म्हणत. हिंदुस्थानी जेवणाची गोडी लागलेला हा वर्ग आपल्या भोजनालयात हमखास येईल, असा दीन मोहम्मद यांचा होरा होता.

लंडनमधील काही कॉफी हाउसमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच ‘करी’ मिळत असे. परंतु तेथे ती इंग्रजी पदार्थांच्या रांगेतील एक होती. संपूर्णपणे हिंदुस्थानी थाटाचे भोजनालय आणि तेही भारतीय मालकाचे, ही गोष्ट नवी होती. १८१० मध्ये जॉर्ज स्ट्रीटवर त्यांनी ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ सुरू केले. नाव कॉफीचे असले तरी खरा भर जेवणावर होता. बसण्यासाठी बांबूच्या खुर्च्या होत्या, भिंतींवर भारतातील दृश्ये रंगवलेली होती आणि हुक्का ओढण्यासाठी स्वतंत्र खोली होती. १८११ मध्ये ‘द टाइम्स’मध्ये जाहिरात देऊन त्यांनी उमराव व प्रतिष्ठित नागरिकांना निमंत्रण दिले. आपल्याकडील पदार्थांची सर इंग्लंडमधील कोणत्याही करीला येणार नाही, असा त्यांचा दावा होता. जाणकारांनी पदार्थांना पसंतीही दिली.

तरीही हिशेब जुळला नाही. सजावट आणि उंची व्यवस्था यांवर मोठा खर्च झाला होता. ज्यांच्या भरवशावर हा डाव मांडला, त्या श्रीमंत नबाबांच्या घरी हिंदुस्थानी पदार्थ रांधणारे स्वयंपाकी होते. व्यापारी मंडळींसाठी शहराच्या मध्यभागी जुनी, नावाजलेली कॉफी हाउस होती. १८१२ मध्ये दीन मोहम्मद यांनी दिवाळखोरी जाहीर केली. भोजनालय त्याच नावाने दुसऱ्यांच्या हाती पुढेही काही वर्षे चालले. त्याची कल्पना मांडणारे दीन मोहम्मद मात्र पन्नाशी उलटल्यानंतर, पदरी कुटुंब असताना, घरकामाची नोकरी मिळावी म्हणून वर्तमानपत्रात जाहिरात देत होते.

१८१४ मध्ये त्यांनी सागरकिनाऱ्यावरील ब्रायटन गाठले आणि औषधी बाष्पस्नान व चंपीचा व्यवसाय सुरू केला. येथे नशिबाने साथ दिली. चौथे जॉर्ज आणि चौथे विल्यम या दोन राजांच्या सेवेत त्यांची नियुक्ती झाली. १८२२ मध्ये त्यांनी या उपचारपद्धतीवर पुस्तकही लिहिले. ‘चंपी’शी नाते सांगणारा ‘शाम्पू’ हा शब्द इंग्लंडमध्ये रुजण्यात त्यांच्या व्यवसायाचा मोठा वाटा आहे. उतारवयात ते स्नानगृहही हातचे गेले. फेब्रुवारी १८५१ मध्ये ब्रायटन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी पाहिलेले स्वप्न लंडनमध्ये स्थिरावायला आणखी मोठा काळ जावा लागला. रीजंट स्ट्रीटवरील ‘वीरस्वामी’ १९२६ मध्ये सुरू झाले आणि ते ब्रिटनमधील सर्वांत जुने हयात भारतीय रेस्टॉरंट म्हणून ओळखले जाते. २००१ मध्ये लंडनच्या ‘टॅमरिंड’ आणि ‘झायका’ या भारतीय रेस्टॉरंटना मिशेलिन तारांकन मिळाले. जॉर्ज स्ट्रीटवर २००५ मध्ये वेस्टमिन्स्टर नगरप्रशासनाने हिरवा स्मृतिफलक लावला. लंडनमधील पहिले भारतीय रेस्टॉरंट येथे होते, अशी त्यावर नोंद आहे. अवघ्या दोन वर्षांत ज्या जागेवरील हक्क दीन मोहम्मद यांना सोडावा लागला, तेथे आता त्यांचेच नाव कोरलेले आहे.