स्वादुपिंडातील बेटांचा शोधकर्ता

मधुमेहाविषयी वाचताना ‘लँगरहान्सची बेटे’ हा शब्दप्रयोग हमखास भेटतो. ही बेटे असतात आपल्याच पोटात, जठरामागच्या स्वादुपिंडात. ती प्रथम पाहणारे पॉल लँगरहान्स यांना मात्र त्यांचे महत्त्व अखेरपर्यंत कळले नाही.

लँगरहान्स यांचा जन्म २५ जुलै १८४७ रोजी बर्लिन येथे एका डॉक्टरांच्या घरात झाला. येना आणि बर्लिन येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. १८६८ मध्ये, विद्यार्थिदशेतच, सोन्याच्या क्षाराने रंगवलेल्या त्वचेत त्यांना फांद्या फुटल्यासारख्या पेशी दिसल्या. आकारावरून त्या चेतापेशी असाव्यात, असे त्यांना वाटले. पुढच्याच वर्षी सशाच्या स्वादुपिंडावरील प्रबंधात त्यांनी पाचकरस बनवणाऱ्या पेशींमध्ये विखुरलेले वेगळ्याच पेशींचे पुंजके नोंदवले. त्यांचे कार्य आपल्याला ठाऊक नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले.

पुढे फ्रायबुर्ग विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. पण १८७४ मध्ये क्षयरोगाने गाठले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. हवापालट हाच उपाय. १८७५ मध्ये ते पोर्तुगालच्या मदेरा बेटावर गेले आणि तिथलेच झाले. फुंशाल शहरात त्यांनी रुग्ण तपासले, सागरी कृमींचा अभ्यास केला. २० जुलै १८८८ रोजी मूत्रपिंडे निकामी होऊन त्यांचे निधन झाले. वयाची ४१ वर्षे पूर्ण व्हायला पाच दिवस उरले होते.

अवघ्या वर्षभरात, १८८९ मध्ये, मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, हे दाखवले. १८९३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लागेस यांनी त्या पुंजक्यांना लँगरहान्स यांचे नाव दिले. १९२१ मध्ये टोरांटोत इन्शुलिन हाती आले. त्वचेतील ‘चेतापेशी’ तर प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी आहेत, हे उमगायला १९७०चे दशक उजाडले. त्याच दशकात, टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच या बेटांमधील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करते, याचे पुरावे मिळाले. तरुणपणी लँगरहान्स यांनी वेगवेगळे पाहिलेले हे दोन विषय अशा रीतीने एकत्र आले.

आज यात तिसरा धागा जोडला जात आहे. रात्रीच्या अंधारात मेंदूतील पिनियल ग्रंथीतून स्रवणाऱ्या मेलाटोनिनचे ग्राहक या बेटांवर तसेच प्रतिकारशक्तीच्या पेशींवरही आढळतात. अशा एका ग्राहकाच्या जनुकातील फरकाचा टाइप २ मधुमेहाच्या धोक्याशी संबंध दिसला आहे. त्यामुळे झोप, साखर आणि प्रतिकारशक्ती यांचा एकत्रित विचार सुरू झाला आहे. मात्र मेलाटोनिन हे मधुमेहावरचे औषध नव्हे. झोपेसाठी त्याची गोळी घ्यायची असल्यास मधुमेहींनी आधी डॉक्टरांना विचारावे.