सरफोजीराजे आणि छत्रातील शाळा

दोनशे वर्षांपूर्वी उत्तरेकडून रामेश्वरास निघालेला यात्रेकरू तिरुवैयारु येथे पोहोचला, की अर्धी तपश्चर्या झाली असे मानीत असे. तिरुवैयारु म्हणजे पाच पवित्र नद्यांचे गाव, संस्कृतात पंचनदक्षेत्र. तेथून तंजावरच्या किल्ल्यापर्यंतचे अंतर चार कोसांचे. परंतु तेवढ्यात कावेरी, कुडमुरुट्टी, वेट्टारु, वेण्णारु आणि वडवारु अशा पाच नद्या ओलांडाव्या लागत. त्यापुढे रामेश्वरापर्यंत पुन्हा लांबचा पल्ला. या वाटेवर कित्येकांचा देह पडे, आणि त्यांच्याबरोबर आलेली मुले परक्या मुलखात, परक्या भाषेत, निराधार होत. अशा मुलांचे काय करावे, या प्रश्नाला तंजावरच्या भोसले घराण्याने जे उत्तर दिले, ते जपण्याचे काम पुढे एका अशा राजाकडे आले, की ज्याचे स्वतःचे बालपणही पोरकेपणात गेले होते.

सरफोजीराजांचा जन्म १७७७ सालचा. भोसले कुळाच्याच एका शाखेतील हा मुलगा तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतला आणि त्याच वर्षी ते निवर्तले. गादीवर तुळजाजींचे बंधू अमरसिंह आले. मरणापूर्वी तुळजाजींनी मुलाचा हात श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या हाती दिला होता. तमिळ आणि मराठी दोन्ही जाणणारा हा वृद्ध धर्मोपदेशक तंजावरात सर्वांच्या आदराचा होता. तथापि राजवाड्याच्या भिंतींआड त्याचे फारसे चालत नसे. भावी राजा शिकून शहाणा होऊ नये, अशीच तेथे अनेकांची इच्छा होती. मुलास कोंदट, अंधाऱ्या खोलीत ठेवण्यात आले आणि त्याचे शिक्षण खुंटले. श्वार्ट्झने कंपनी सरकारकडे वारंवार दाद मागितली, तेव्हा कोठे पहारा सैल झाला. १७९३ मध्ये तुळजाजींच्या राण्यांसह सरफोजींस मद्रासेस हलविण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या पाद्र्याने त्यांचा अभ्यास चालविला. शाळेत जाण्याचा कंटाळा करणाऱ्या मुलांच्या गोष्टी पुष्कळ आहेत. शिकता यावे म्हणून ज्याला घर सोडावे लागले, असा राजपुत्र विरळा.

१७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला. त्यानंतर काही महिन्यांतच सरफोजी गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, राज्य कंपनीच्या हाती गेले. राजांकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक १ लाख होनांची नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. बावीस वर्षांच्या या तरुणापुढे दोनच वाटा होत्या. नेमणुकीवर सुखाने दिवस काढावेत, किंवा जे थोडे हाती उरले आहे त्यात राज्यकर्त्याचे काही कर्तव्य शिल्लक आहे का ते शोधावे.

राजांनी शोध छत्रांपासून आरंभिला. रामेश्वराच्या वाटेवर त्यांच्या पूर्वजांनी ठिकठिकाणी छत्रे बांधून त्यांस जमिनी लावून दिल्या होत्या. राज्याबरोबर हे उत्पन्नही कंपनीच्या हिशेबात जाण्याचे भय निर्माण झाले. तेव्हा १८०१ मध्ये राजांनी रेसिडेंट टोरिन यांस सविस्तर पत्र लिहून छत्रांना हात लावू नये अशी विनंती केली. छत्रांत नेमके काय चालते, हे त्या पत्रात त्यांनी एकेक करून मांडले आहे. आणि त्यामुळेच तेथील मुलांचा दिवस कसा जात असेल हे आज आपल्याला कळू शकते.

प्रत्येक छत्रात चार वेदांचे चार अध्यापक असत आणि त्याशिवाय एक पंतोजी. वाटेत पोरकी झालेली परदेशी मुले या पंतोजींच्या स्वाधीन केली जात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण मिळे. दर चार दिवसांनी अंगाला तेल लावण्यात येई. वस्त्रे छत्रातून मिळत. दुखले-खुपले तर औषध देण्यास तेथेच वैद्य असत. त्यांत सूज उतरविणारे आणि सर्पविषावर उपचार करणारेही होते. शिकविण्याची रीत तर विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या विद्येकडे मुलाचा ओढा दिसे, ती विद्या त्याला शिकवावी, असा नेम होता. ती पुरेशी अवगत झाली की त्याच्या लग्नाचा खर्चही छत्रच करी. मुलाला आईबाप जे जे देतात, ते ते सारे येथे खर्चाच्या बाबी म्हणून वहीत लिहिलेले होते. दर चार दिवसांच्या तेलाची आठवण ठेवणारा राजा किती बारकाईने पाहत असेल!

मुले निजल्यावरही छत्र जागेच असे. ब्राह्मणापासून परैयापर्यंत सर्व वाटसरूंना तेथे अन्न मिळे. शिजविलेले न चालणाऱ्यांस कोरडा शिधा. मध्यरात्री घंटा होई आणि कोणी उपाशी राहिला असल्यास यावे, अशी हाळी दिली जाई. सारे एका पंक्तीस बसत असे समजण्याचे कारण नाही. काळ तसा नव्हता. बाळंतिणीला मात्र तीन महिने तेथे राहता येई, आणि गरिबाच्या तान्ह्या मुलाला दूध मिळे.

छत्रांची व्यवस्था राजांकडेच राहिली. १८०२ मध्ये त्यांनी तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडु येथे आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या स्मरणार्थ नवे छत्र बांधले. किल्ल्यात नवविद्येची शाळा चालू केली. मुलांच्या हाती पुस्तक पडावे म्हणून देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला. इसापच्या गोष्टी सख्खन पंडितांकडून मराठीत करवून ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने तेथे छापविल्या. तेव्हा पुण्यात पेशवाई होती, पण छापखाना चालू झालेला नव्हता. मुलांसाठी मराठी पुस्तक कावेरीकाठी आधी छापले गेले, ही गोष्ट महाराष्ट्राने फार उशिरा ध्यानात घेतली. राजांच्या नावावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात एक भटकी भविष्य सांगणारी स्त्री गाण्यांतून जगाचा भूगोल सांगते. नकाशा गाऊन शिकविण्याची ही युक्ती आजच्या शिक्षकांनीही पाहण्यासारखी आहे. कण्णनतंगुडी येथे पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची सोयही त्यांनी लावून दिली. राजे स्वतः शिवभक्त राहिले, परंतु गुरूचे ऋण विसरले नाहीत. श्वार्ट्झचे संगमरवरी स्मारक त्यांनी इंग्लंडातील फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून घडवून आणविले.

त्यांच्या काळी तिरुवैयारुत दुसरीही एक शाळा होती, ती त्यागराजांच्या घरी. हे संतसंगीतकार माधुकरी मागून निर्वाह करीत आणि शिष्यांस घरी ठेवून शिकवीत. दरबाराचे आमंत्रण त्यांनी नाकारले, अशी परंपरा सांगते.

सरफोजीराजे ७ मार्च १८३२ रोजी निवर्तले. पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये वारले आणि वारस नसल्याचे कारण दाखवून कंपनीने किल्लाही घेतला. छत्रांची व्यवस्था सरकारकडे गेली. पुढे ती जिल्हा बोर्डाकडे आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिरुवैयारुत संस्कृताची जी शाळा निघाली, तिचा खर्च या राजघराण्याच्या छत्रनिधीतून चालत असे. पुढे तेथे तमिळही शिकविले जाऊ लागले, आणि ती राजांचे महाविद्यालय म्हणूनच ओळखली गेली.