गिब्सन यांचा हिशेब

तोंडवलीच्या किनाऱ्यावरील सुरूचे बन पाहिले की डॉ. अलेक्झांडर गिब्सन आठवतात. 1800 साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले हे शस्त्रवैद्य कंपनी सरकारच्या नोकरीत मुंबई इलाख्यात आले आणि वनस्पतींतच रमले. 1838 पासून पुण्याजवळील दापोडीची सरकारी बाग त्यांच्याकडे होती. दक्षिण कोकणातील डोंगर उघडे पडल्यामुळे झरे आटत आहेत, हे त्यांनी 1840 च्या दशकातच सरकारच्या नजरेस आणले. 1847 साली ते इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. डाल्झेल यांच्यासमवेत रचलेला इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ 1861 साली निघाला. 1867 साली त्यांचे निधन झाले.

सरकारला झऱ्यांपेक्षा जहाजांसाठी सागाची चिंता अधिक होती, आणि संरक्षणाचा भार कुमरी करणाऱ्या गरिबांवर पडला, हे विसरता येत नाही. तरीही अर्थशास्त्राच्या अध्यापकाला गिब्सन यांचे महत्त्व वाटते ते हिशेबासाठी. लाकडाची किंमत जमेस धरायची, तर आटलेला झरा खर्ची टाकलाच पाहिजे.

तोंडवलीचा सुरू हा लावलेला, मूळचा आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियाकडचा. तो झपाट्याने वाढतो, वारा अडवतो. पण त्याच्या गळलेल्या काड्यांच्या जाड थरातून इतर रोपे क्वचितच वर येतात. उंडी, केवडा, मर्यादवेल ही या किनाऱ्याची जुनी प्रजा. झाडे नुसती मोजली, तर सुरू आणि उंडी सारखीच भरतात. जुना सुरू कोसळेल तेथे पुन्हा सुरूच लावायचा की उंडी, हे वृक्षारोपणाच्या आकड्यांवर सोडू नये.